उपग्रहाचा पाऊस आधी शिवसागराशी ताडून पाहा

प्रति,
जलविज्ञान, पूरनियंत्रण आणि धरण परिचालनाचे काम पाहणारे सर्व अभियंते,
जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : उपग्रहाने मोजलेल्या पावसाची कृष्णा खोऱ्यात जागोजागी पडताळणी करून ती लोकांसमोर ठेवण्याबाबत

महोदय, महोदया,

मे सरत आला आहे. आणखी काही दिवसांनी तुमच्या पूरनियंत्रण कक्षांत रात्रपाळ्या लागतील, फोन थांबायचे नाहीत आणि कोयनेची आवक, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी असे आकडे तासातासाला फिरू लागतील. त्या धावपळीत कुणाचे पत्र वाचायला सवड मिळत नाही. म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मी कराडमध्ये आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर एकच काम हातात घेतले आहे: उपग्रहाने सांगितलेला पाऊस आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकात जमलेला पाऊस शेजारीशेजारी मांडायचा आणि दोघांत अंतर का पडते ते शोधायचे. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात त्या गावात मी राहते. वर किती पाऊस झाला हा प्रश्न इथे पावसाळ्यात दारोदारी विचारला जातो. २०१९च्या ऑगस्टमध्ये खाली सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत माळ्यापर्यंत पाणी होते. तेव्हापासून हे काम माझ्यासाठी नुसता अभ्यास राहिलेले नाही.

उपग्रहाच्या पावसाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. उलट ज्या दिवशी कोयना अभयारण्यातल्या, चांदोलीतल्या निर्मनुष्य जंगलावरचा पाऊस मला माझ्या टेबलावर दिसला, त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये ‘टीआरएमएम’ हा पाऊस मोजण्यासाठीच बनवलेला उपग्रह अवकाशात गेला. २०११ साली आपल्या इस्रोने फ्रान्सच्या अवकाश संस्थेबरोबर ‘मेघा ट्रॉपिक्स’ सोडला. २०१४च्या फेब्रुवारीत नासा आणि जपानच्या जाक्साचा ‘जीपीएम’ गेला. त्यांच्या जोडीला आपल्या डोक्यावर कायम थांबून दर अर्ध्या तासाला ढगांचे चित्र धाडणारे इन्सॅट आहेत. अशा अनेक उपग्रहांच्या मेहनतीतून आज ‘आयमर्ग’ नावाची माहितीमाला कुणालाही फुकट मिळते. साधारण ११ किलोमीटर लांबी-रुंदीची एक चौकट, अशा चौकटींत वाटलेले जवळजवळ सगळे जग आणि प्रत्येक चौकटीचा अर्ध्या अर्ध्या तासाचा पाऊस. हे फार मोठे धन आहे.

मात्र हे धन आपल्या सह्याद्रीत वापरायचे असेल तर त्यातले खोटे नाणे कुठे आहे ते आधी ओळखले पाहिजे. ते कुठे असणार याचे उत्तर ढगांच्या भौतिकशास्त्रातच आहे.

उपग्रहाला पाऊस दिसत नाही. त्याला ढग दिसतो, आणि ढगावरून तो पावसाचा अंदाज बांधतो. इन्सॅटसारखा उपग्रह ढगाच्या माथ्याचे तापमान पाहतो. माथा जितका थंड तितका ढग उंच आणि ढग उंच म्हणजे पाऊस जोरदार, असा तो हिशेब. सूक्ष्मलहरी पकडणारे उपग्रह ढगाच्या आत डोकावतात, पण जमिनीवर त्यांचीही अडचण होते. समुद्र सूक्ष्मलहरींना थंड आणि एकसारखा दिसतो, त्यामुळे त्यावर पडणाऱ्या थेंबांची ऊब उठून दिसते. जमीन आधीच ऊबदार आणि ठिकठिकाणी वेगळी. त्यावर थेंब ओळखू येत नाहीत, म्हणून उपग्रह ढगाच्या वरच्या भागातले बर्फाचे कण शोधतो. बर्फ पुष्कळ असेल तर पाऊस पुष्कळ.

आता जुलैतला घाटमाथा डोळ्यांपुढे आणा. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कोकण ओलांडतो, सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो आणि वर चढता चढता बरसतो. महाबळेश्वर, नवजा, ताम्हिणी इथली संततधार बऱ्याचदा बुटक्या ढगांतून येते. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर असते आणि या ढगांचे माथे तिच्या आसपासच संपतात. बर्फ जवळजवळ नाही. माथा फारसा थंड नाही. गडगडाट नाही, विजा नाहीत, नुसती दिवसरात्र धार. उपग्रहाच्या हिशेबात असा ढग म्हणजे किरकोळ ढग. खाली पर्जन्यमापकाची बाटली भरून वाहत असते आणि वर चौकटीत भुरभुर नोंदली जाते.

जीपीएमवर खरेखुरे रडारही आहे, मग त्याला हा पाऊस का दिसू नये, असे मला एका हुशार विद्यार्थ्याने विचारले होते. प्रश्न रास्त आहे. पण ते रडार सुमारे अडीचशे किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत पुढे निघून जाते, एका जागेवर रोज थांबत नाही. शिवाय डोंगरावरून परत येणारा प्रतिध्वनी इतका जोरदार असतो की जमिनीलगतच्या एक-दोन किलोमीटरमधला पाऊस त्यात बुडून जातो. घाटमाथ्याचा पाऊस वाढतो तो नेमका त्याच थरात.

घाट उतरून पूर्वेला आले की उलटे होते. घाटावरचे आणि त्याहून वरचे उंच, पातळ ढग वाऱ्याबरोबर माण, खटाव, आटपाडीकडे पसरतात. माथा थंड असल्याने उपग्रह तिथे पाऊस लिहितो. खरा थेंब निघाला तरी खालच्या कोरड्या हवेत जमिनीला लागण्याआधीच विरून जातो. म्हणजे जिथे धो धो पडतो तिथे उपग्रह कमी सांगतो आणि जिथे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात तिथे तो नसलेला पाऊस दाखवतो. सह्याद्रीवर काम करणाऱ्या संशोधकांना ही गोष्ट अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. जपानच्या ‘जीएसमॅप’ या माहितीमालेत डोंगरी पावसासाठी वेगळी दुरुस्ती घालावी लागली ती याच कारणाने. पुण्याच्या आयआयटीएम या आपल्या हवामान संशोधन संस्थेने २०१२पासून महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळाच चालवली आहे. ज्ञान आहे. ते धरणाच्या दरवाजापर्यंत पोचते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

ही चूक किती महाग पडू शकते, ते कोयनेच्या आकड्यांत मांडते. तुम्हाला हे गणित नवे नाही, पण हे पत्र इतरही वाचतील.

कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. धरून चला की एका दिवसात या क्षेत्रावर सरासरी १६० मिलिमीटर पाऊस झाला आणि उपग्रहाने ६० सांगितला. जुलैतल्या जोराच्या दिवशी १६० ही काही अचाट गोष्ट नाही. हुकलेले १०० मिलिमीटर म्हणजे ८९२ चौरस किलोमीटरवर ८.९२ कोटी घनमीटर पाणी, अर्थात ३.१५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते, तेव्हा त्यातले ८० टक्के धरणात उतरले असे मानू. अडीच टीएमसी झाले. ते चोवीस तासांत आले तर सरासरी आवक २९ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला २९ हजार घनफुटांच्या घरात जाते. पायथा वीजगृहाच्या दोन्ही युनिटमधून मिळून २,१०० क्युसेक सुटतात. म्हणजे दोन्ही युनिट चालवूनही जेवढे सोडता येते त्याच्या चौदापट पाणी नकाशावर नसताना धरणात येऊन उभे राहते. धरण भरत आलेले असेल तर या फरकाचा अर्थ पुढच्या बारा तासांत वक्री दरवाजे किती फुटांवर ठेवायचे यावर जाऊन पोचतो, आणि तिथून पुढे पाटणच्या, कराडच्या आणि सांगलीच्या घरांवर.

तुम्ही म्हणाल, कोयनेसाठी आम्ही उपग्रहावर विसंबतच नाही. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथले आकडे आम्हाला तासातासाला मिळतात. कृष्णा-भीमा खोऱ्यात प्रत्यक्ष वेळेत माहिती गोळा करणारी यंत्रणा उभी आहे, तिच्यावर आधारलेले पुराचे प्रारूप आहे. हे खरे आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण कोयनेच्या खाली, वारणेच्या खाली, पंचगंगेच्या उपनद्यांवर जे मुक्त पाणलोट क्षेत्र आहे, जिथले पाणी कुठल्याच धरणात न अडता सरळ नदीत येते, तिथे केंद्रे विरळ आहेत. विरळ केंद्रांमधली जागा भरायला उपग्रहाचा नकाशा सगळ्यांत आधी हाताशी येतो, आणि भरतोही तोच. रंगीत नकाशाला एक अधिकार आपोआप मिळतो. निळा, हिरवा, पिवळा, लाल. त्या रंगांमागे चूक किती आहे, हे नकाशावर कुठेच लिहिलेले नसते.

म्हणून पहिली विनंती. उपग्रहाचा पाऊस जिथे जिथे निर्णयाला लागणार आहे, तिथे त्याची चूक आधी मोजा, आणि ती राज्याची सरासरी म्हणून मोजू नका. घाटमाथ्यावरची तूट आणि दुष्काळी पट्ट्यातली वाढ एकमेकींना खाऊन टाकतात आणि राज्याचा आकडा बिनचूक दिसतो. अशी सरासरी पाहून मी स्वतः एकदा फसले आहे. चूक कोकण, घाटमाथा, घाटाचा पूर्वउतार, पठार अशी पट्ट्यापट्ट्याने मोजली पाहिजे. ऋतूनेही वेगळी. एप्रिल-मेचा वळीव गडगडाटी ढगांतून येतो, माथे उंच असतात, बर्फ भरपूर असतो. त्याला उपग्रह बऱ्यापैकी ओळखतो. परतीच्या पावसाचेही तेच. जुलै-ऑगस्टच्या घाटमाथ्यावर तोच उपग्रह चाचपडतो. वर्षाचा एकच गुणांक काढून सगळ्या महिन्यांना लावला तर तो वळवाला फुगवेल आणि संततधारेला तरीही पुरणार नाही.

गुणांकाबद्दल आणखी एक. पुष्कळ ठिकाणी उपग्रहाचा आकडा कमी येतो म्हणून त्याला दीड किंवा दोनने गुणून मोकळे होतात. ज्या दिवशी उपग्रहाने पाऊस कमी मोजला, त्या दिवशी हे चालून जाईल. ज्या दिवशी त्याला पाऊस दिसलाच नाही, त्या दिवशी काय? शून्याला कितीनेही गुणा. म्हणून किती दिवशी पाऊस साफ हुकला, किती दिवशी नसताना दाखवला आणि किती दिवशी दिसला पण मोजायला चुकला, हे तीन हिशेब वेगवेगळे ठेवायला हवेत. आणि ६४.५ मिलिमीटरच्या वरचे, ११५.६च्या वरचे, २०४.४च्या वरचे दिवस स्वतंत्र काढायला हवेत. हवामान विभागाच्या या पायऱ्या तुमच्या रोजच्या वापरातल्या आहेत. वर्षातल्या दोनशे कोरड्या दिवसांवर उपग्रह बरोबर ठरला याचे कौतुक पूर आलेल्या माणसाला नाही. २२ जुलै २०२१च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खचून माणसे गेली. उपग्रहाची परीक्षा अशा दिवसांवर व्हावी.

तुलना करताना एक साधी चूक मी सुरुवातीचे कित्येक महिने करत होते. ती इथे लिहिते, कारण इतरांच्या अहवालांतही ती मला दिसली आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. उपग्रहाची दैनंदिन फाइल जागतिक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. मध्ये तीन तास. घाटात पहाटेचा पाऊस जोराचा असेल तर या तीन तासांत इतके पाणी पडते की आजचा पाऊस उद्याच्या खात्यात जातो आणि उपग्रह बिचारा नाहक खोटा ठरतो. अर्ध्या तासाचे तुकडे घेऊन साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज केली की हा घोळ मिटतो. मी तसे करायला लागले तेव्हा माझ्या आधीच्या तक्त्यांतली बरीच ‘चूक’ विरघळून गेली. उरली ती खरी चूक.

आणि उपग्रहाला दोष देताना आपल्या पर्जन्यमापकाचेही खरे बोलले पाहिजे. साधा पर्जन्यमापक पाऊस झेलतो तो २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाने. उपग्रहाची एक चौकट साधारण ११७ चौरस किलोमीटरची. दोघांत जवळपास सहाशे कोटी पटींचे अंतर आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला आले की सात-आठशे. म्हणजे एका चौकटीतच कड्यावरचा पाऊस, पठारावरचा पाऊस आणि पर्जन्यछायेची सुरुवात मावते. चौकटीने अगदी बिनचूक सरासरी दिली तरी ती नवजाच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि तो तिचा गुन्हा नाही.

पर्जन्यमापकाच्या स्वतःच्याही खोडी आहेत. वारा असला की घाटातला पाऊस आडवा येतो आणि तोंडावरून निघून जातो. स्वयंचलित यंत्रातली पावसाची वाटी जोराच्या सरीत भराभर उलटताना काही पाणी मोजायचे राहते. नरसाळ्यात पाने अडकतात, कोळी जाळे विणतात. एका ठिकाणी मी पर्जन्यमापक आंब्याच्या झाडाखाली पाहिला आहे. बसवला तेव्हा झाड लहान होते, पुढे कुणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या एका ठिकाणच्या जुन्या वहीत सलग अकरा दिवस पाच आणि दहाच्या पटीतलेच आकडे होते. त्या वाचकाला मी दोष देत नाही. भर पावसात, अंधारात, जळवांतून चालत जाऊन बाटली मोजणारा हा माणूस आपल्या सगळ्या जलव्यवस्थापनाचा पाया आहे आणि त्याला मिळणारे मानधन त्या कामाच्या मानाने काहीच नाही. पण अशा नोंदींवर उपग्रहाला पास-नापास करण्याआधी नोंदी तपासाव्या लागतील.

मग दोघांतही चूक असताना न्यायनिवाडा कुणी करायचा? इथे माझी मुख्य सूचना येते, आणि हे पत्र मी खरे तर तिच्यासाठीच लिहिते आहे.

आपल्याकडे ८९२ चौरस किलोमीटरचा एक पर्जन्यमापक आहे. त्याचे नाव शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय.

कोयनेच्या पाणलोटात पडलेला पाऊस शेवटी त्या जलाशयात येतो. जलाशयाची पातळी तुम्ही रोज मोजता. पोफळीकडे वीजनिर्मितीला किती पाणी गेले, पायथ्यातून किती सोडले, सांडव्यावरून किती गेले, बाष्पीभवन किती झाले, याचा हिशेब तुमच्याकडे चोख असतो. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा कृष्णा लवादाने घातलेली असल्यामुळे तो चोख ठेवावाच लागतो. साठ्यातली वाढ आणि बाहेर गेलेले सगळे पाणी यांची बेरीज केली की आवक निघते. त्या आवकेने सांगितलेला पाऊस आणि उपग्रहाने सांगितलेला पाऊस समोरासमोर ठेवा. पर्जन्यमापक एका बिंदूचे सांगतो, जलाशय सगळ्या खोऱ्याचे सांगतो. उपग्रहाशी बरोबरी करायला तोच योग्य जोडीदार आहे.

यातही काळजी घ्यावी लागेल. जलाशय भरलेला असताना त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११५ चौरस किलोमीटर असते. पातळी वाचताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर साडेअकरा लाख घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे पाणलोटावरच्या सव्वा मिलिमीटर पावसाइतका. वाऱ्याने पाणी एका बाजूला सरकले तर याहून जास्त. पण असल्या चुका आज वर तर उद्या खाली जातात. पाच-दहा दिवसांची बेरीज घेतली की त्या बुजतात. जूनचे पहिले पंधरा दिवस तापलेली जमीन पाणी पिऊन टाकते, तेव्हा आवकेवरून पाऊस काढू नये. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा हिशेब घट्ट बसतो. आणि तेच तर पुराचे महिने.

कोयनेला जे जमेल ते वारणेला जमेल, धोमला जमेल, कण्हेरला, उरमोडीला, राधानगरीला जमेल. घाटमाथ्यालगतच्या धरणांची एक साखळीच आपल्याकडे उत्तर-दक्षिण उभी आहे. इतक्या दाट पाणलोटांवर, इतक्या वर्षांच्या नोंदी असलेली अशी तपासणी उष्ण कटिबंधातल्या फार थोड्या डोंगररांगांना शक्य असेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतात त्या तुमच्याच कार्यालयांतल्या वह्या, आणि त्या एकत्र मांडायला बसणारी चार-पाच माणसे.

तपासणीत एक पथ्य पाळावे लागेल. आयमर्गचे तीन अवतार आहेत. पहिला सुमारे ४ तासांनी मिळतो, दुसरा १४ तासांच्या आसपास, तिसरा साडेतीन महिन्यांनी. तिसऱ्यात जमिनीवरच्या पर्जन्यमापकांची मासिक नोंद मिसळलेली असते, म्हणून तो सगळ्यांत चांगला दिसतो. अहवालांत बहुधा त्याचेच गुण छापले जातात. पुराच्या रात्री मात्र हाताशी असतो तो पहिला. परीक्षा एकाची आणि नोकरी दुसऱ्याला, असे होता कामा नये. शिवाय ज्या पर्जन्यमापकाच्या नोंदी त्या मिश्रणात आधीच गेल्या आहेत, त्यांच्याशीच पुन्हा तुलना करणे म्हणजे उत्तरपत्रिका पाहून पेपर लिहिणे. तुमची धरणावरची आवक त्या मिश्रणात नाही. म्हणूनही तिची साक्ष मोलाची आहे. आणि गणनेची पद्धत बदलत राहते. २०२३ साली आयमर्गची सातवी आवृत्ती आली. सहाव्यावर काढलेला गुणांक सातव्यावर डोळे झाकून लावता येत नाही, पुन्हा मोजावे लागते.

आता घाट सोडून पूर्वेला येते. तिथला प्रश्न पुराइतका डोळ्यांत भरत नाही, पण माणसाला तेवढाच जाळतो. दुष्काळ ठरवताना पावसाचा खंड मोजतात. सलग तीन-चार आठवडे पाऊस नाही, तर खंड. २०१८च्या ऑक्टोबरअखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा एकेका आठवड्याच्या पावसाला किती वजन होते ते गावोगावच्या लोकांनी पाहिले. माणदेशावरून पातळ उंच ढग सरकला, उपग्रहाने चौकटीत पाच-सात मिलिमीटर लिहिले आणि प्रत्यक्षात धूळही बसली नाही, तर कागदावर खंड तुटतो. शेतात बाजरी वाळतच असते. आज महसूल मंडळात महावेधची स्वयंचलित केंद्रे आहेत, राज्यभर दोन हजारांहून अधिक. फळपीक विम्याचे पैसे त्यांच्याच आकड्यांवर ठरतात. कुठे केंद्र बंद पडले, कुठे आकडा संशयास्पद आला, तर मोकळी जागा उपग्रहाने भरण्याचा मोह उद्या कुणालाही होईल. दुष्काळी पट्ट्यात उपग्रहाचा ‘थोडा पाऊस’ किती वेळा खोटा असतो याचा तक्ता हातात असल्याशिवाय तो मोह होऊ देऊ नका. हा मुद्दा कृषी आणि महसूल खात्याचा आहे, हे मला कळते. पण पावसाचे माप तपासायची विद्या तुमच्याकडे आहे.

मग उपग्रह वापरायचाच कुठे? पुष्कळ ठिकाणी. पाऊस कुठल्या बाजूने सरकतो आहे, जोर वाढतो आहे की ओसरतो आहे, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगतो. पठारावरच्या गडगडाटी पावसात, जिथे दोन केंद्रांच्या मधून ढगफुटीसारखी सर निघून जाते आणि कुणाच्याच बाटलीत पडत नाही, तिथे तो पर्जन्यमापकांना मागे टाकतो. राज्याच्या सीमा त्याला नाहीत, त्यामुळे अलमट्टीच्या वरचा कर्नाटकातला पाऊस पाहायला परवानगीचे पत्र लागत नाही. महिन्याच्या, हंगामाच्या बेरजेत त्याची चूक पुष्कळ कमी होते. हवामान खाते जमिनीवरचा आणि उपग्रहाचा पाऊस मिसळून एकत्र नकाशा काढते, तीही योग्य वाट आहे. फक्त त्या मिश्रणात घाटमाथ्यावर जमिनीचा आवाज मोठा असायला हवा, आणि त्यासाठी घाटमाथ्यावर पर्जन्यमापक असायला हवेत.

तेव्हा उपग्रह आला म्हणून एकही पर्जन्यमापक काढू नका, एकाही वाचकाचे मानधन थांबवू नका. उलट निदान दोन-तीन चौकटी अशा निवडा की एकेका चौकटीत आठ-दहा पर्जन्यमापक असतील: कड्याच्या कोकण बाजूला, ऐन माथ्यावर, दरीत, पूर्वउतारावर. तीन-चार पावसाळे ते नेटाने चालवा. एका चौकटीच्या आत पाऊस किती बदलतो हे एकदा कळले की उपग्रहाची चूक किती आणि आपल्या तुलनेतली किती, हे वेगळे करता येईल. कोयना खोऱ्यातल्या शाळा यात मनापासून उतरतील. मुलांना पाऊस मोजायला किती आवडते ते मी पाहिले आहे. सकाळी साडेआठला रांगेत उभे राहून काचेच्या मापात डोळा लावणारी मुले आकडा पाच-दहाच्या पटीत बसवत नाहीत.

शेवटची विनंती माहितीबद्दल. १९९५च्या सुमारास जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून तुम्ही जमवलेले आकडे हे या राज्याचे फार मोठे संचित आहे. रोज सकाळी धरणांचे आकडे लोकांच्या मोबाइलवर येतात, पण चित्राच्या किंवा छापील तक्त्याच्या रूपात. केंद्रनिहाय रोजचा पाऊस आणि धरणनिहाय रोजची आवक संगणकाला सरळ वाचता येईल अशा रूपात, मागच्या वर्षांसकट, सर्वांसाठी खुली करा. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याच्या महाविद्यालयांतून निदान पन्नास विद्यार्थी दुसऱ्या दिवशी कामाला लागतील. तुम्हाला मनुष्यबळ कमी पडते, ते इथे रिकामे बसले आहे. आणि पूर आल्यावर गावागावांत जो संशय धुमसतो, की धरणवाल्यांनी काहीतरी लपवले, त्यातला बराचसा आकडे समोर असले तर उठणारच नाही. रात्रभर जागून दरवाजे सांभाळणाऱ्या तुमच्या माणसांच्या वाट्याला तो संशय येतो, याचे मला फार वाईट वाटते.

१ जूनला कोयनेचे नवे तांत्रिक वर्ष सुरू होईल. हिशेबाची पाटी त्या दिवशी कोरी होते. त्या दिवसापासून आवकेच्या रोजच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: उपग्रहाने सांगितलेला पाणलोटावरचा सरासरी पाऊस, साडेआठ ते साडेआठ, ४ तासांनी मिळणाऱ्या मालेतला. निर्णयासाठी तो वापरू नका; फक्त लिहून ठेवा. ऑक्टोबरअखेर तो रकाना आणि आवकेचा रकाना लोकांसमोर मांडा. माझ्याकडच्या तक्त्यांच्या सगळ्या फाइल्स आणि त्या कशा काढल्या याची टिपणे मी तुमच्या कुठल्याही कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. सांगाल त्या दिवशी येते. सकाळी साडेआठनंतर, पाऊस मोजून झाला की.

आपली विश्वासू,
पावसाच्या नोंदी ठेवणारी एक निवृत्त शिक्षिका,
कराड, जि. सातारा